कोसमबोडीचा संदर्भ

१

दिव्यानीचा प्रश्न ठरलेला असायचा. तुमच्या अलीकडच्या लेखातला कुठलाही एक संदर्भ घ्या; तो तुम्हाला कुठे सापडला, आणि त्यातलं तुम्ही किती वाचलंत?

प्रश्नाच्या पहिल्या भागाला प्राध्यापक मंडळी उत्साहाने उत्तर द्यायची. दुसऱ्या भागापाशी आली की चहा मागवायची.

तिला त्याचा राग येत नसे. दिल्लीत शिकून, तिथली बरी नोकरी सोडून ती गडचिरोलीत ग्रंथालयशास्त्र शिकवायला आली होती ती एका हट्टाने. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांवर पुष्कळ लिहिलं जातं, पण लिहिणारे मुळातलं वाचत नाहीत. ते वाचायला लागले तर या मुलखाबद्दल निदान खोटं तरी लिहिलं जाणार नाही, असं तिला मनापासून वाटे. म्हणून अभ्यासाला विषयही तिने तोच घेतला होता: प्राध्यापक माहिती शोधतात कशी, वाचतात कशी, वापरतात कशी. पिशवीत रेकॉर्डर टाकून ती कॉलेजांमागून कॉलेजं पालथी घालत होती. कुठे इंटरनेट फक्त खिडकीपाशी चालायचं, कुठे ग्रंथालयाची किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाच्या खिशात असायची. तरी तिला हे काम आवडत होतं.

त्या दिवशी ती गडचांदूरच्या बाजूला होती. भूगोलाचे डॉ. सुरेंद्र बोरकुटे बंद खिडकीला पाठ करून बसले होते. खिडकी बंद असूनही टेबलावर जवळच्या कारखान्यातल्या सिमेंटची बारीक भुकटी होती, आणि बोलता बोलता ते ती तळहाताने पुसत होते. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि बोट ठेवलं ते या वाक्यावर: "तलावाकाठचे कोसमबोडी हे गाव आज पूर्णपणे निर्मनुष्य आहे (टेंभुर्णे, १९९८)."

दिव्यानीला हसू आलं. तिने सांगितलं, सर, हे माझं गाव आहे. माझी आत्या तिथे राहते. दिवाळीनंतर मी तिथे बसून शिंगाडे खाल्लेत.

"मग दुसरं कोसमबोडी असंन," सर म्हणाले.

"आरमोरीच्या पुढचं, तलावाचं?"

"लिहिलं तर तेच आहे." त्यांनी हनुवटी खाजवली. "पण मॅडम, संदर्भ आहे ना. मी काही माझ्या मनचं नाही लिहिलं."

टेंभुर्ण्यांचा मूळ लेख तुम्ही वाचलात का, असं तिने विचारलं. सरांनी शिपायाला हाक मारली आणि दोन चहा सांगितले.

२

चूक साधी होती. अशा चुका तिने दिल्लीतही पाहिल्या होत्या. कुणीतरी एकदा चुकीचं टिपतं, दुसरा त्याच्यावर विश्वास ठेवतो, तिसरा दुसऱ्यावर. तिच्या अभ्यासासाठी तर हे सुरेख उदाहरण होतं. तिने ठरवलं, याचा माग काढायचा.

बोरकुटे सरांनी तो संदर्भ चंद्रपूरच्या चंचल मॅडमच्या प्रबंधातून घेतला होता. चंचल मॅडम अर्थशास्त्राच्या, स्वभावाने मोकळ्या. मूळ लेख पाहिला नाही हे त्यांनी हसत कबूल केलं. त्यांच्या गाइडनी फोनवर पाठवलेल्या एका यादीत तो होता, आणि गाइडनी दिलेला संदर्भ उघडून पाहणं म्हणजे त्यांच्यावर शंका घेणं. "आमच्या वेळी तर असं करायची हिंमतच नव्हती," त्या म्हणाल्या.

त्यांच्या प्रबंधात मात्र वाक्य जरा वेगळं होतं. "कोसमबोडीत अखेरीस एकच वृद्ध स्त्री उरली होती, ती रिकाम्या घरांशी बोलत असे (टेंभुर्णे, १९९८)."

दिव्यानीने ते पुन्हा वाचलं. हे बोरकुटे सरांनी का नाही घेतलं, असं तिने विचारलं. चंचल मॅडमनी चष्मा लावून पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मी लिहिलं? असंन. इतकी वर्षं झाली."

गाइड नागपूरला निवृत्त आयुष्य जगत होते. त्यांनी फोनवर सांगितलं, की तो संदर्भ त्यांना एका परिसंवादात मिळाला. कुणी तरुण भूगोलवाला होता, बोरकुटे की काय. त्याच्याच निबंधात होता.

बोरकुट्यांनी चंचलकडून, चंचलने गाइडकडून, गाइडनी बोरकुट्यांकडून. बाहेरून आत येणारी वाट कुठेच नव्हती. संदर्भात ज्या नियतकालिकाचं नाव दिलं होतं त्याचा जुना अंक तिने शोधला. नागपूरच्या एका ग्रंथालयातल्या बाईंनी त्याच्या अनुक्रमणिकेचा फोटो पाठवला. त्यात टेंभुर्णे नव्हते. कुठल्याच अंकात नव्हते. त्या नावाच्या माणसाने दुसरं काही लिहिलेलंही कुठे सापडेना.

तिच्या विभागातला प्रणित, जो समाजशास्त्रातून इकडे आला होता आणि कशालाच फार मनावर घेत नसे, तो म्हणाला, "भूत आहे तुझा टेंभुर्णे." दोघं हसले. त्या दिवशी हसणं सोपं होतं.

३

जानेवारीतल्या रविवारी ती कोसमबोडीला गेली. फाट्यावर उतरली, तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, चालत निघाली. तलाव काठोकाठ नव्हता तरी भरलेला होता. दूर पाण्यात बगळे उभे होते.

भागीरथा आत्याने तिला दहा वर्षांची होईपर्यंत वाढवलं होतं. आईबाप गेल्यावर तिच्यासाठी जे काही घर म्हणून उरलं होतं ते आत्याच्या त्या दोन खोल्या, मागचा परसू आणि शेजारपाजार. शेजारपाजार म्हणजे ढिवरांची ओळ: एकाला एक लागून घरं, पुढे ओटे, ओट्यांवर जाळी विणत बसलेली माणसं. दहाव्या वर्षी बाहेरगावच्या शाळेला सोडायला सगळी ओळ फाट्यापर्यंत आली होती, ते तिला पक्कं आठवत होतं.

आज ओट्यांवर कुणी नव्हतं. दारं ओढलेली होती. गावात पाऊल टाकल्यावर जी कुत्री अंगावर यायची तीही आली नाहीत.

"कुठी गेले सगळे?" तिने विचारलं.

"अर्धे मिरचीले गेले तेलंगनात," आत्या म्हणाली. "बाकीचे आहेत ना. कोनी वावरात, कोनी घरात. तू आली त मंग सारेच काय दारात उभे राह्यतीन?"

खरंच होतं. मिरची तोडायला दरवर्षी लोक जातात. दिव्यानीने स्वतःला समजावलं, की डोक्यात एक वाक्य बसलं की डोळे त्याचेच पुरावे गोळा करतात; हे तीच वर्गात शिकवते.

जेवण झाल्यावर दोघी पाळीवर फिरायला गेल्या. वाट अरुंद होती. मध्येच आत्या एका बाजूला झाली, पदर सावरला आणि थांबली. एखादा माणूस डोक्यावर ओझं घेऊन समोरून येत असला की आपण त्याला वाट देतो, तशी. मग चालू लागली.

काय झालं, म्हणून दिव्यानीने विचारलं नाही. तिला वाटलं, आत्याला दम लागला असेल. परतताना मात्र तिच्या लक्षात आलं, की वाटेवर ओल्या पावलांचे ठसे होते आणि ते गावाकडे जात होते.

४

तिने लेख लिहायला घेतला तो संतापाने. एक जितंजागतं गाव, न वाचलेल्या आणि बहुधा अस्तित्वातच नसलेल्या लेखाच्या आधारावर, पंचवीस वर्षं मेलेलं म्हणून लिहिलं जात होतं. तिथे तिची माणसं राहत होती. याहून मोठं कारण तिला नको होतं.

प्रणितने मसुदा वाचला. तो एरवीसारखा विनोद करून मोकळा झाला नाही.

"याचं खंडन करायचं म्हणजे तुला तेच पुन्हा लिहावं लागणार," तो म्हणाला. "राहू दे ना. गप्प बसलीस तर मरून जाईल आपोआप."

"गप्प बसूनच इथवर आलंय," ती म्हणाली.

लेखाच्या गोषवाऱ्याची सुरुवात तिने सरळ केली: "कोसमबोडी हे गाव निर्मनुष्य झाले आहे, असे अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे." त्यानंतर पुढच्या वाक्यांत तो दावा खोटा असल्याचं, त्याचं मूळ सापडत नसल्याचं, आणि आपण स्वतः त्या गावच्या असल्याचं लिहिलं. फाल्गुनात लेख इंटरनेटवरच्या एका नियतकालिकात आला. आत्याला तिने फोन करून सांगितलं. आत्याने विचारलं, त्यात माझं नाव आहे का. आहे म्हटल्यावर ती खूश झाली, आणि फोन बाजूला धरून कुणाला तरी ओरडून ते सांगितलं.

तिच्या लेखाचा उल्लेख होऊ लागला, तो अपेक्षेपेक्षा फारच लवकर. तिने पहिला उघडला.

"कोसमबोडी हे गाव निर्मनुष्य झाले आहे (दिव्यानी मेश्राम)."

दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. सगळ्यांनी गोषवाऱ्याचं पहिलं वाक्य उचललं होतं आणि तिथेच थांबले होते. आता टेंभुर्ण्यांची कुणाला गरज राहिली नव्हती. एकाने तर आवर्जून लिहिलं होतं, की लेखिका स्वतः त्या गावच्या असल्याने त्यांचा पुरावा निर्णायक मानायला हवा.

तिने प्रत्येकाला पत्र लिहिलं. दोघांनी उत्तर दिलं. एकाने लिहिलं, मॅडम, पुढच्या वेळी नक्की दुरुस्त करू, तुमचा लेख फारच उपयोगी पडला.

५

एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली. गावाच्या अलीकडे मोहाची झाडं आहेत. त्यांच्या खालचा पालापाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली होती आणि खाली एकही फूल पडलेलं नव्हतं. म्हणजे पहाटे वेचणारे येऊन गेले होते. तिला इतकं हायसं वाटलं, की ती तिथेच थोडा वेळ उभी राहिली.

वळणापलीकडे हातपंपाचा आवाज येत होता. खटाक, खटाक, आणि बादलीत पाणी. ती वळण घेऊन पुढे आली. पंपाचा दांडा सावकाश खाली येऊन टेकत होता. तोटीतून शेवटची धार गळत होती. तिथे कुणी नव्हतं, बादलीही नव्हती.

ओळीतल्या घरांतून चुलीचा वास येत होता. एका बंद दाराआडून लसूण ठेचल्याचा आवाज आला. दिव्यानीने दार ढकललं. आत अंधार होता आणि चूल थंडगार होती. आवाज आता शेजारच्या घरातून येत होता.

आत्या ओट्यावर बसली होती. दिव्यानी धावतच तिच्यापाशी गेली आणि तिचा हात धरला. हात गरम होता, खरखरीत होता, जसा असायचा तसा.

"अगं, मुखरू भाऊ तुले राम राम करून राह्यला," आत्या खालच्या आवाजात म्हणाली. "बोलत काऊन नाई?"

दिव्यानीने आत्या पाहत होती तिकडे पाहिलं. समोरचा ओटा, त्यावर एक अर्धवट विणलेलं जाळं. मुखरू काका तिथे बसायचा हे तिला ठाऊक होतं. त्यानेच तिला तलावात पोहायला शिकवलं होतं.

"तिथी कोनी नाही, आत्या."

आत्याचा चेहरा पडला. तिने समोर पाहून ओशाळल्यासारखं हसून घेतलं, घरातलं लेकरू पाहुण्यासमोर काहीतरी वेडंवाकडं बोललं की हसावं तसं. मग दिव्यानीला ओढून आत घेऊन गेली.

आत तिने जे सांगितलं ते दिव्यानीला पुढे किती तरी दिवस ऐकू येत राहिलं.

"मांगच्या खेपेलेई तसंच केलं तू. गोकुळा पाळीवर तुह्या समोरून गेली, तिच्याकडं पाह्यलंई नाई. लोक मले म्हन्तेत, तुही पोरगी लय शिकली, आता आपल्याले वळखत नाई. मी काय सांगू त्याइले?"

दिव्यानीने आपलं सगळं शिक्षण गोळा करून विचार केला. आत्याचं वय झालंय. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. गावातले लोक एकेक करून कामासाठी गेले असतील, कायमचे. आणि एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या बाईने त्यांना मनात जिवंत ठेवलं असेल. चंचल मॅडमच्या प्रबंधातलं ते वाक्य नेमकं हेच सांगत होतं. आणि ते वाक्य आपण पुराव्यासारखं वापरतो आहोत हे लक्षात येताच तिने तो विचार तिथेच तोडला.

तिने आत्याला गडचिरोलीला चल म्हटलं. आत्ताच, पिशवी भरून.

"एवढ्या मानसाइले सोडून मी कुठी जाऊ?" आत्या म्हणाली, आणि भात वाढायला लागली.

६

लेख मागे घ्यावा म्हणून तिने संपादकांना लिहिलं. समितीची बैठक होईल, मग कळवू, असं उत्तर आलं. मागे घेतलेल्या लेखांचेही संदर्भ दिले जातात, हे तिच्याच विषयातलं ज्ञान होतं.

अभ्यासाचं काम तिने थांबवलं. वर्गात ती शिकवत होती, पण संदर्भ या शब्दापाशी अडखळायची. संध्याकाळी खोलीवर बसून ती मुखरू काकाचा चेहरा आठवायची. नाक कसं होतं, दात किती होते. चेहरा जमू लागायचा आणि त्याच्या जागी ते वाक्य यायचं, तिचं स्वतःचं, छापील. गोकुळाबाईचंही तसंच. पोहायला शिकवलं होतं हे आठवे. शिकवणारे हात आठवत नसत.

एकदा तिने प्रणितला सोबत चल म्हटलं. तू बघ आणि मला सांग, एवढंच. तो तयार झाला, आणि मग म्हणाला, "पण माझा काय उपयोग गं? तुझा लेख सगळ्यांत आधी मीच वाचलाय. मलाही तुला दिसतं तेच दिसेल."

मे महिन्यात आत्याचा फोन आला. तलाव आटत आला होता, उद्या सकाळी मोठं जाळं टाकायचं होतं. मोठ्या जाळ्याला सगळी ओळ लागते. अर्धी माणसं या काठाला, अर्धी त्या. "ये," आत्या म्हणाली. "हात लाव. मंग लोकाइच्या मनातलं निंघून जाईन." तिच्या मागे गलका होता. बाया हसत होत्या, कुणी पोराला शिव्या घालत होतं, कुणी खोकत होतं. दिव्यानीने फोन कानाला दाबून धरला. तो गलका भरगच्च होता, खूप माणसांचा होता. तिने आत्याला उगाचच बोलतं ठेवलं.

सकाळी ती पाळीवर पोहोचली तेव्हा ऊन पाण्यावर पसरलेलं होतं. तलावाभोवती चिटपाखरू नव्हतं. फक्त आत्या, गुडघाभर पाण्यात, लुगडं खोचून. हातात दोर. जाळं तरंगत ठेवणाऱ्या भेंड्यांची भलीमोठी कमान पार पलीकडच्या काठापर्यंत गेली होती.

दिव्यानी चपला काढून पाण्यात उतरली. चिखल कोमट होता. आत्याने दोर तिच्या हातात दिला आणि तिच्या मागे उभी राहिली.

"ओढ."

दोर ताणला गेला आणि भेंड्या हलल्या. एक म्हातारी आणि एक मास्तरीण यांच्या ओढण्याने ते जाळं वीतभरसुद्धा सरकलं नसतं. ते सरकत होतं. दोन्ही बाजूंनी, एका लयीत. पलीकडच्या काठाला पाणी गढूळ होत होतं, चिखलाचे ढग पुढे पुढे येत होते. तिच्या पुढेही दोर ताठ होता, हवेत, आणि प्रत्येक ओढीला किंचित दबत होता.

मागे आत्या कुणाशी तरी बोलत होती. हसली. "मास्तरीन बाईच्या हाताले फोड येतीन म्हन्ते मुखरू भाऊ."

दिव्यानीने मान वर केली नाही. दोराकडेच पाहत ती म्हणाली, "राम राम, मुखरू काका."

दोर थांबला. सगळं जाळं थांबलं. पाण्यावरचा तरंग काठाला येऊन विरला आणि तलावावर अशी शांतता पसरली, जशी खूप माणसं एकदम बोलायची थांबल्यावर पसरते.

आणि तिच्या हाताच्या पुढे, दोरावर, एक हात होता. काळा, ओला, अंगठ्याजवळ गळाने फाटलेली जुनी खूण असलेला. नखांत चिखल होता. त्याच्या पलीकडे दुसरा हात, बांगड्या असलेला. त्याच्या पलीकडे आणखी.

ती एका श्वासापुरतीच पाहू शकली. डोळे भरून आले, तिने ते मिटले आणि उघडले, तेव्हा पुढे नुसता दोर होता. पण तिला तो हात ओळखू आला होता. हे आत्याला सांगायला हवं, आधी आत्यालाच, म्हणून ती मागे वळली.

मागेही नुसताच दोर होता. ताठ, पाण्याच्या वर हातभर, काठापर्यंत गेलेला. त्यातून थेंब गळत होते. पाण्यात, जिथे आत्या उभी होती तिथे, चिखल नुकताच ढवळल्यासारखा वर येत होता.

"काय पाह्यते माय?" आत्याचा आवाज अगदी कानाशी आला. "ओढ ना. सारे थांबले तुह्यासाठी."

दिव्यानीने तोंड पुढे फिरवलं. दोर घट्ट धरला, आणि पुन्हा मागे न पाहता ओढायला लागली.